तरण्यांची साथ: रत्नागिरी, १९१८ आणि त्यानंतर

गाव नमुना नंबर १४ ही जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. कोतवाल बुक असंही तिला म्हणतात. जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाल्यापासून या वह्या पुन्हा उघडू लागल्या आहेत. तसंच एक काम घेऊन मी माझ्या माहेरच्या गावची, संगमेश्वर तालुक्यातली वही पाहायला गेले होते. अक्षर मोडी, पानांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या. मोडी वाचणारे गृहस्थ आमच्या पणजोबांचं नाव शोधत होते. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे १९१८ सालाची पानं आली तेव्हा त्यांना थांबवलं आणि वयाचा रकाना वाचून दाखवायला सांगितला. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं एरवीपेक्षा दाट भरलेली. मरणाचं कारण बहुतेक ठिकाणी एकच, ताप. आणि वयं: पंचवीस, बावीस, तीस, अठरा, पस्तीस. मध्येच एखादं पोर. सत्तरीचं माणूस क्वचित.

ही मानमोडीची साथ. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात लोक याच नावानं ओळखत. हिंदुस्थानात तिनं किती माणसं नेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत जातात. एकट्या मुंबई इलाख्यातले मृत्यू दहा लाखांहून अधिक धरले जातात. साधा फ्लू दरवर्षी पिकली पानं आणि तान्ही मुलं नेतो. या साथीनं वीस ते चाळीस वयाची माणसं उचलली. घरात सगळ्यात धट्टंकट्टं जे होतं, ते गेलं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या खानेसुमारीत याचा ठसा आहे. तेव्हाचा जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सावंतवाडी संस्थान सोडून सिंधुदुर्गाचा बराचसा भाग. १९११ साली इथे बारा लाखांच्या आसपास माणसं होती, १९२१ साली ती साडेअकरा लाखांपर्यंत उतरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून घटली. महायुद्धात कोकणचे शिपाई मेसोपोटेमियापर्यंत गेले आणि मेलेही, पण एवढा खड्डा लढाईनं पडला नाही. तो घरातल्या तापानं पडला.

धडधाकट माणसाला साथीचा धोका कशातून येतो, हा प्रश्न कोरोनाच्या काळात घरोघरी निघाला. तेव्हा लोक वय आणि प्रकृती पाहत होते. मला या जिल्ह्याचा इतिहास वाचताना तिसरी गोष्ट दिसत राहते: तरण्या माणसाला कुठे पाठवलं जातं, तो कुठल्या खोलीत झोपतो, आजारी पडल्यावर तो कोणत्या वाटेनं घरी येतो, आणि घरी आल्यावर त्याचं कोण करतं. मानमोडी समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

त्या काळी रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा होता. डोंगरउताराची जमीन, खोताचं देणं, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षाचं भात पुरत नाही. म्हणून मुलगा मिसरूड फुटलं की मुंबईला जायचा. १९११ च्या सुमारास मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसं होती, आणि गिरण्यांतल्या कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास आपल्याच जिल्ह्यातले. गावात मागे कोण राहायचं ते खानेसुमारीच सांगते: दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका. जिल्ह्याचं तरणं रक्त परळ-लालबागच्या चाळींत आणि जिल्ह्यात म्हातारी माणसं, बायका, मुलं.

त्या चाळींतल्या गावकीच्या खोल्यांविषयी आमच्या घरात फार ऐकलं आहे. एका गावची, बहुतेकदा एका वाडीची माणसं मिळून एक खोली घ्यायची. भिंतीला ट्रंका लावलेल्या, वर दोरीवर कपडे, रात्री पथाऱ्या पसरल्या की पाय ठेवायला जागा नाही. जेवण खाणावळीत. गिरणीत दमट हवा आणि कापसाची तूस. तिथे एकाला खोकला झाला की तो खोलीभर व्हायचा. यात कोणाच्या प्रकृतीचा दोष नव्हता. उलट प्रकृती चांगली होती म्हणूनच तो माणूस तिथे होता. कमकुवत मुलाला गिरणीत कोणी पाठवत नसे.

मुंबईत रोग शिरला तो बंदरातून. मे १९१८ च्या अखेरीस युद्धावरून सैनिक घेऊन आलेलं एक जहाज गोदीला लागलं आणि १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर नेमलेला, तापानं रुग्णालयात दाखल झाले. मुंबई महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी पुढे या साथीवर लिहिताना ही नोंद केली आहे. पहिलेच रुग्ण शिपाईगडी, म्हणजे निवडून घेतलेली मजबूत माणसं. त्यानंतर गोदी, टपाल, रेल्वे, गिरण्या. ही पहिली लाट जुलैपर्यंत ओसरली. ती पसरली फार, मारलं तिनं कमी.

या पहिल्या लाटेच्या वेळी कोकणची किनारपट्टी बंद होती, हे विसरता कामा नये. पावसाळ्यात बोटी चालत नसत. जूनमध्ये मुंबईहून रत्नागिरीला यायचं तर रेल्वेनं घाटमाथ्यावर जाऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरायचा, पावसात, बैलगाडीनं नाहीतर पायी. फार थोडे येत. समुद्र शांत झाला की बोटी सुरू आणि मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं एकेक बंदर माणसांनी भरून जायचं. बोट खोल पाण्यात उभी राहायची. पडावात उड्या मारून, ट्रंका डोक्यावर घेऊन उतारू किनाऱ्याला लागायचे.

१९१८ साली गणपती ८-९ सप्टेंबरच्या सुमारास होते. त्याच महिन्यात मुंबईत दुसरी लाट उठली, आणि ही मारणारी होती. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ माणसं गेली. तो घटस्थापनेच्या आसपासचा दिवस. दसरा १५ तारखेला होता. आपल्याकडे सणाला गावी येण्याची ओढ, त्यात शहरात मरण मांडलेलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक शहर सोडून पळाले होते, ती आठवण ताजी. आजारी चाकरमानी मुंबईत थांबेल कशासाठी? खोलीत त्याला पाणी द्यायलाही कोणी उभं नव्हतं. तो बोटीवर चढला. बोटीच्या डेकवर शेकडो माणसं रात्रभर एकमेकांना टेकून.

प्लेगची गोष्ट निघाली म्हणून सांगते, कारण दोन्हींत मोठा फरक आहे. प्लेगला लोकांनी ओळखून ठेवलं होतं. उंदीर पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, हे खेड्यातल्या माणसाला कळत होतं. १९२४ मध्ये रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनाही काही काळ नाशिकला जाण्याची मुभा मिळाली होती. मानमोडीला असा इशारा नव्हता आणि जायला माळही नव्हता. ती माणसाच्या श्वासातून येत होती. माळावर गेलात तरी सोबत माणूस होताच.

आता तरणीच का मेली. याचा अभ्यास अजून चालू आहे, पण संशोधक मुख्यतः तीन कारणं मांडतात. पहिली, की त्या वेळच्या प्रौढ-वृद्ध माणसांना एकोणिसाव्या शतकात कधीतरी याच कुळातला ताप येऊन गेला असावा आणि शरीरात त्याची ओळख शिल्लक होती. तेव्हाच्या तरण्यांकडे ती नव्हती. दुसरी, की तरण्या शरीराचा प्रतिकारच इतका जोराचा होतो की रोगाशी लढताना फुप्फुसालाच इजा होते. तिसरी, की विषाणूनं सोललेल्या फुप्फुसात जंतू शिरून न्यूमोनिया होत असे आणि त्यावर तेव्हा औषध नव्हतं. पेनिसिलीनचा शोध दहा वर्षं पुढे होता. शवचिकित्सेच्या जुन्या नमुन्यांचा फेरअभ्यास झाला तेव्हा बहुतेक मृत्यूंत हा जंतूंचा न्यूमोनिया आढळला.

पण हे सगळं जगभर सारखं होतं, आणि तरी हिंदुस्थानातल्या मरणात एक वेगळेपण होतं. इथे बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनाही हे जाणवलं होतं. त्याचं उत्तर फुप्फुसात शोधून मिळणार नाही, चुलीपाशी मिळेल. घरात चार माणसं तापानं पडली की सुनेनं उठायचं. तिला ताप असला तरी उठायचं. विहीर डोंगराखाली, पाणी वर आणायचं, पेज करायची, ओली-सुकी बदलायची. न्यूमोनियातून वाचायला जी एक गोष्ट लागते, पडून राहणं, ती तिला मिळत नव्हती. त्यात कोणी गरोदर, कोणी बाळंतीण. त्या वर्षी देशाच्या मोठ्या भागात पाऊस दगावला होता आणि युद्धामुळे धान्य आधीच महाग होतं. रत्नागिरीला बाहेरून धान्य आणावंच लागे. अर्धपोटी बाईला तुम्ही वयानं तरुण आणि रोगमुक्त म्हणून धडधाकट म्हणाल, पण ते धडधाकटपण किती खोल होतं?

आणि तो महिना भातकापणीचा. हळवी भातं कापून झालेली, गरवी उभी. नवरा मुंबईत किंवा अंथरुणात, भात शेतात वाळून झडतंय. मग ज्याला उभं राहता येतं तो विळा घेतो. ताप उतरल्यासारखा वाटला की माणूस कामाला लागे आणि दोन दिवसांनी छाती भरून पुन्हा पडे. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी आजीकडून ऐकलं होतं.

माझी आजी त्या वर्षी चारेक वर्षांची होती. तिची आई आणि बाप एका पंधरवड्यात गेले. बाप मुंबईहून आला होता, एवढं तिला सांगितलेलं. त्याचं करता करता आई पडली. तिला आणि तिच्या भावाला वाढवलं ते तिच्या आजीनं, जिला तेव्हाच डोळ्यांनी नीट दिसत नसे. पुढे आजीचं लग्न झालं, तिच्या सासरी पाहिलं तर तिथेही तेच: मधली फळी रिकामी, सासूच्या जागी आजेसासू. ती एकच वाक्य म्हणायची, "म्हातारी ऱ्हायली नि तरनी गेली." त्यात रडणं नसे. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं ती सांगायची.

मुंबईहून येणारी मनीऑर्डर बंद झाली, याचा अर्थ त्या घरांना काय झाला असेल हे आपण सहज समजू शकतो. जमीन गहाण पडली. मुलगे दहाव्या-बाराव्या वर्षी मुंबईला गेले, कारण बापाची जागा भरायची होती. १९१९ साली देशभर जन्म कमी झाले. ज्यांनी आईबाप व्हायचं तीच माणसं उरली नव्हती. एका साथीनं म्हातारी माणसं नेली तर घर दुःखी होतं. तरणी माणसं नेली तर घराचा कर्ता जातो आणि पुढची पिढी जन्मालाच येत नाही. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत पणजोबांच्या आधीची गोष्ट कोणी सांगू शकत नाही, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. सांगणारे मधल्या पिढीतले होते.

मुंबईचे आकडे आणखी एक गोष्ट उघडी करतात. डॉ. टर्नर यांच्या अहवालात समाजवार मृत्यूंचं प्रमाण आहे. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना तेव्हाचं सरकार खालच्या जातीचे हिंदू म्हणत असे ते ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, शरीरं सारखीच तरणी. फरक खोलीचा, हवेचा, अन्नाचा आणि रजेचा. मलबार हिलवरचा पंचविशीतला माणूस आणि कामाठीपुऱ्यातला पंचविशीतला माणूस यांचं वय सारखं होतं, धोका सातपट वेगळा होता.

शंभर वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, गुहागर तालुक्यात जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला. त्याच महिन्यात राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, तोच, जो मुंबईच्या प्लेगसाठी झाला होता. मी तेव्हा निवृत्तीला आले होते. शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना दुसरी कामं लागली: तपासणी नाक्यावर नोंदी, रेशन दुकानावर देखरेख, ग्राम कृती दलात हजेरी. मे महिन्यात ई-पास घेऊन, कशेडीच्या नाक्यावर रांगा लावून चाकरमानी यायला लागले. आमच्या शाळेच्या वर्गांत त्यांना चौदा दिवस ठेवलं. बाकं भिंतीला सरकवून गाद्या घातल्या. घशातले नमुने तेव्हा मिरजेला जात आणि अहवाल यायला दिवस लागत.

त्या वर्गांत राहिलेले बरेचजण माझेच विद्यार्थी. पंचविशी-तिशीतले, कोणी कुरिअरवाला, कोणी हॉटेलात, कोणी इमारतीवर सुरक्षारक्षक. खिडकीबाहेर उभी राहून मी विचारपूस करायची. एक जण म्हणाला, "बाई, हा म्हाताऱ्यांचा रोग. आम्हाला काय होणार? आम्हाला उगाच कोंडून ठेवलंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी त्यांना तिथेच, खिडकीच्या गजाबाहेरून, मानमोडीची गोष्ट सांगितली. आठवीत मी ती शिकवली नव्हती, कारण पुस्तकात ती नव्हती. पहिल्या महायुद्धाचा धडा होता, त्यात तहाच्या अटी होत्या, आणि त्याच वर्षी आपल्या वाडीत काय झालं याची एक ओळ नव्हती.

पण त्या मुलाचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. कोरोना १९१८ सारखा नव्हता. त्याचा धोका वयासोबत चढत जात होता, आणि फार उभा चढत होता. लसीच्या आधीच्या काळातल्या अभ्यासांचे अंदाज साधारण असे: लागण झालेल्या पंचविशीतल्या दहा हजार माणसांत एखादा मृत्यू, पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पासष्टीला शंभरात एक-दीड, पंच्याहत्तरीला शंभरात चार-पाच, पंच्याऐंशीला शंभरात पंधरा. पंचवीस आणि पंच्याऐंशी यांत हजारपटीहून अधिक अंतर. हे आकडे लपवून तरुणांना घाबरवणं मला पटत नव्हतं. ज्याला खरं सांगितलं जात नाही तो पुढच्या वेळी ऐकत नाही.

मात्र ते आकडे पूर्ण वाचायला हवेत. दहा हजारांत एक म्हणजे शून्य नाही, आणि लागण लाखोंना होते तेव्हा त्या एकाचे शेकडे होतात. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं सांगितलेल्या आकड्यांत देशातल्या कोरोना मृत्यूंपैकी ५३ टक्के साठीच्या पुढचे होते, ३५ टक्के ४५ ते ६० मधले, आणि १० टक्के २६ ते ४४ मधले. म्हणजे जवळजवळ निम्मे साठीच्या आतले. देश तरुण, बाहेर पडणारे तरुण, लागण होणारेही तरुण. धोका दरडोई लहान असला तरी त्याला सामोरी जाणारी डोकी फार.

त्यात "मी ठणठणीत आहे" हे बहुतेकांचं स्वतःचंच मत. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशाताईंबरोबर मी घरोघरी फिरले, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर. बीपी आहे का, शुगर आहे का, हे विचारायचं. पस्तिशीचा माणूस म्हणायचा, काही नाही. कधी तपासली? कधीच नाही. वडापाव आणि रात्रपाळीवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला मधुमेह आहे की नाही हे रक्त काढल्याशिवाय कोण सांगणार? ज्यांना आजार माहीत होता ते जपत होते. ज्यांना तो असून माहीत नव्हता, ते स्वतःला निरोगी गटात मोजत होते.

ऑक्सिमीटरनं मला आणखी एक शिकवलं. या रोगात तरणं माणूस अनेकदा दम लागल्याचं सांगत नाही. फुप्फुस भरत असतं, रक्तातला प्राणवायू उतरत असतो, आणि तो गप्पा मारत असतो. म्हणून सहा मिनिटं चालवून पुन्हा बोट तपासायचं सांगितलं होतं. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, माझा एक जुना विद्यार्थी आंब्याच्या कामावर होता. हंगाम ऐन भरात. तो झेला घेऊन कलमावर चढणारा, दिवसभर उन्हात काम करणारा गडी. अंगात कणकण होती, पण पेट्या भरायच्या होत्या, तो चढत राहिला. बायकोनं जबरदस्तीनं तपासायला आणला तेव्हा आकडा ८८ होता. ९४ च्या खाली गेलं की रुग्णालय, असा नियम. तो वाचला. पण त्याच्या घराकडे जायला घाटी चढावी लागते आणि ती घाटी तो पुढे कित्येक महिने मध्ये बसत बसत चढला. पुढचा हंगामही त्याला झाडावर जाता आलं नाही. मृतांच्या आकड्यांत तो कुठेच नाही. त्याच्या घरच्यांना मात्र त्या वर्षीचं उत्पन्न बुडालेलं माहीत आहे. तरण्यांचा धोका मोजताना फक्त मरणं मोजायची सवय मला म्हणूनच अपुरी वाटते.

ताप अंगावर काढून भातकापणी आणि ताप अंगावर काढून आंबा. शंभर वर्षांत औषधं बदलली, ऑक्सिजन आला. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळलं की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध दिलं तर मृत्यू कमी होतात, कारण शरीराचा उफाळलेला प्रतिकार ते आवरतं. १९१८ च्या तरण्यांना हे मिळालं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. पण कामावर जाणं कोणाला टाळता येतं आणि कोणाला नाही, हे फारसं बदललं नाही. आता तर आपल्या जिल्ह्यातही बाहेरून आलेले तरणे आहेत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी, मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी. बागेतल्या खोपटात चारचार जण. मुंबईच्या गावकीच्या खोलीत आपली माणसं जशी राहत, तशी ही माणसं आज आपल्याकडे राहतात. टाळेबंदीत त्यांना ना गावी जाता आलं, ना त्यांच्याकडे कोणाचं लक्ष होतं. कोकणच्या माणसानं तरी हे पाहायला हवं होतं. आपण पिढ्यान्पिढ्या तेच भोगलं आहे.

घरी येणाऱ्या चाकरमान्याबद्दलही थोडं कडू बोललं पाहिजे. २०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. १२ ऑगस्टपर्यंत पोहोचा, दहा दिवस वेगळे राहा, असं ठरलं. गावोगाव यावरून भांडणं झाली. काही ठिकाणी आपल्याच मुलांना वेशीवर अडवलं, नको ते शब्द वापरले गेले. अडवणाऱ्यांच्या भीतीला आधार होता: कोकणातल्या घरात मागे राहतात ती म्हातारीकोतारी, आणि या रोगाला तीच हवी होती. पण मुंबईच्या खोलीत कामाविना अडकलेल्या मुलानं कुठे जायचं, हा प्रश्न १९१८ इतकाच उघडा होता. या वेळी निदान शाळेचा वर्ग होता, जेवणाचा डबा होता, चौदा नाहीतर दहा दिवस थांबायची सोय होती. आजीच्या बापाला असा वर्ग मिळाला असता तर आजीची आई कदाचित जगली असती. ज्यांना ते कोंडणं वाटलं त्यांना मी हेच सांगत राहिले.

दुसऱ्या लाटेनं बोलणं बदललं. एप्रिल-मे २०२१ मध्ये तिशी-चाळिशीतल्यांच्या बातम्या येऊ लागल्या, कोणाच्या वर्गातला, कोणाच्या ऑफिसातला, कोणाचा जावई. पहिल्या लाटेत जपलेले म्हातारे तोवर लस घेत होते. जानेवारीत आरोग्य कर्मचारी, मार्चमध्ये साठीच्या पुढचे, एप्रिलमध्ये पंचेचाळीसच्या पुढचे. मरणाचा धोका जिथे जास्त तिथे आधी, हा क्रम बरोबरच होता. अठरा ते चव्वेचाळीसची पाळी १ मे रोजी आली आणि लस पुरेनाशी झाली. नाव नोंदवायचं ते फोनवर, आणि आमच्या वाडीत रेंज नाही. मुलं सकाळी सड्यावर जाऊन उभी राहायची. वेळा उघडायच्या आणि दोन मिनिटांत भरायच्या, त्यातही शहरातून गाडी करून येणारे पुढे. मग १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं आणि काही दिवस वीजही नव्हती.

त्या दिवसांत शाळेच्या आवारात लसीकरण असलं की ज्येष्ठांना बसवायला, पाणी द्यायला मी जायची. कुंपणापलीकडे तरणी मुलं उभी असायची, उरलेला एखादा डोस मिळेल या आशेनं. त्यांत आदल्या वर्षी वर्गात राहिलेले दोघे-तिघे होते. खिडकीतून वाद घालणाऱ्याचा मोठा भाऊ, चाळिशीचाही नव्हता, एप्रिलमध्ये ठाण्यात वारला होता. धाकट्यानं मला नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, आमचा नंबर कधी लागेल?" मी आत जाऊन नर्सताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आज कुपी संपल्या, गुरुवारी येतील असं वरून सांगितलंय. मी त्याचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घेतला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचेही.